आधी खा, मग गोळी

बांबवड्याच्या थांब्यावर एसटी उभी होती. कंडक्टर खाली उतरून चहा पीत होता आणि मी खिडकीतून ओरडत होते, "अहो, निघा की आता, माझी भावजय दवाखान्यात आहे." तो बशी फुंकत म्हणाला, "बाई, डायव्हर आल्याबिगर गाडी काय मी ढकलू व्हय?" तेवढ्यात फोन वाजला. शामा होता, माझा भाऊ. तो एवढंच म्हणाला, "अक्का, आटपलं." त्यानं फोन बंद केला नाही, मीही केला नाही. पलीकडे कुणीतरी फरशी पुसत असल्याचा आवाज येत होता... मी मांडीवरची पर्स घट्ट धरली. त्या पर्समध्ये पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराचं एक कार्ड होतं. त्यावर माझ्या भावजयीचं, मंगलचं नाव होतं, तिच्या औषधाचं नाव होतं आणि खाली लाल अक्षरांत दोन ओळी होत्या. त्या ओळी त्या सकाळी दवाखान्यात कुणी वाचल्या असत्या तर मंगल बहुतेक आज भाकऱ्या थापत असती. ते कार्ड कायम तिच्याजवळ असायला हवं होतं, आणि तीन वर्षं ते माझ्याजवळ होतं. का होतं, ते सांगायलाच हे लिहिते आहे. शामाला यातलं अजून काही माहीत नाही. सात आठवडे झाले, त्याच्या समोर बसून सांगायची माझी छाती झाली नाही. पण कट्ट्यावरच्या धारा उरकल्या की रविवारची पुरवणी तो पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो. म्हणून ही पळवाट काढली. मास्तरीण आहे ना, लिहून दाखवण्यापलीकडे मला काही येत नाही.

मंगल आमच्या घरात आली ती गडमुडशिंगीहून, सव्वीस वर्षांपूर्वी. आमचं घर शिवाजी पेठेत. वडील पैलवान, पुढं तालमीत वस्ताद झाले, आणि पोटापाण्याला दुधाचा कट्टा. बाहेरगावच्या वाचकांना सांगते, आमच्याकडं म्हशी रस्त्याकडेला कट्ट्यावर आणून उभ्या करतात, गिऱ्हाइकासमोर धार काढतात आणि ते फेसाळतं कोमट दूध लोक तिथंच उभ्यानं पितात. तर अशा घरात माणसाची पारख तो किती खातो यावर व्हायची. कमी जेवणारा माणूस वडिलांच्या लेखी एकतर आजारी, नाहीतर लबाड. मंगलच्या पहिल्या जेवणाला ते मुद्दाम समोर येऊन बसले. नवी नवरी, पण पोरीनं मान खाली घालून चार भाकऱ्या आणि वर दोन वाट्या पांढरा रस्सा संपवला. वडील मांडी थोपटून म्हणाले, "शामा, पैलवानीण आणलीस की रं!" सगळं घर हसलं. मंगलही हसली, तोंडात घास तसाच. खाणारी, हसणारी, जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या एकदम चढणारी, पेठेतल्या बायकांसारखं पुरुषी वळणानं 'मी येतो, मी जातो' म्हणणारी ती पोरगी मी एक वर्षभर पाहिली. पुढं ते वर्ष आम्ही सगळ्यांनी सोयीनं विसरून टाकलं. ही तर चार भाकऱ्या खात होती, मग ती पोरगी गेली कुठं, असं एकानंही कधी विचारलं नाही.

ती गेली बाळंतपणात. पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणं माहेरी. रेवती झाली आणि मागोमाग मंगलचं रक्त थांबेना. तिची आई सांगायची, चादरी भिजल्या, गादी भिजली, खाली फरशीवर ओघळ आला. जीप मिळवून शहरात आणेपर्यंत पोरगी पांढरीफटक पडली होती. वाचली. आम्ही अंबाबाईची ओटी भरली आणि विषय मिटवला. पण आठ दिवस झाले, पंधरा झाले, दूध काही येईना. थेंब नाही. माझ्या आईनं डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, शतावरी, काय काय तिच्या तोंडात कोंबलं. मग शेजारणींना बोलावून त्यांच्यासमोर म्हणायला लागली, "दुधाच्या कट्ट्यावरची सून, आनि पोरीला म्हशीचं पाजायची पाळी! मायाच न्हाई हिला, दूध कुठनं उतरंल?" मंगल बाळाला मांडीवर घेऊन ऐकत बसायची. आणि गंमत बघा, म्हशीच्या बाबतीत हे सगळं शामाला तोंडपाठ होतं. म्हैस भेदरली, आजारी पडली तर पान्हा सोडत नाही, तिच्यावर चिडून उपयोग नसतो, हे तो गिऱ्हाइकांना कौतुकानं समजावून सांगायचा. एखादी म्हैस आटली तर जनावरांचा डॉक्टर त्याच दिवशी गोठ्यात हजर. बायकोला बघायला कुणी आलं नाही. तिला टोमण्यांवर ठेवली होती.

त्यानंतर तिची पाळी परत कधी आलीच नाही. तेव्हा ती बावीस वर्षांची होती. भूक मेली. अर्धी भाकरी घेऊन तासभर चिवडत बसायची आणि वडिलांची नजर चुकवून ती कुत्र्याला घालायची. भुवया विरळ झाल्या, कातडी कागदासारखी झाली, आणि थंडी तर विचारू नका. एप्रिलात, जोतिबाच्या यात्रेच्या उन्हात, बाई स्वेटर घालून चुलीपुढं बसलेली. मी तिचं नाव 'महाबळेश्वर' ठेवलं. मीच. सुट्टीला आले की दारातूनच ओरडायचे, "काय म्हणतंय महाबळेश्वर?" आणि घर खो खो हसायचं. दुपारी तिला झोप आवरायची नाही, तर आई म्हणायची सोंग हाय. घरात भांडण झालं, पाहुण्यांची रांग लागली, साधा सर्दीताप आला की सगळ्यांत आधी हिनं अंथरूण धरलेलं. अडचणीच्या वेळी माणसाच्या अंगात कुठून तरी बळ येतं, तसं तिच्या अंगात येतच नव्हतं, आणि आम्ही ते तिच्या मनाच्या खोटेपणात घातलं. दुसरं मूल होईना तेव्हा आईनं शामाच्या दुसऱ्या लग्नाचं काढलं, तालमीला नातू पाहिजे म्हणून. मुलगी कुणी सुचवली? मी. मी मलकापूरच्या शाळेत नोकरीला होते, तिथल्याच एका कारकुनाची बहीण. फोटो पर्समध्ये घालून मी स्वतः घेऊन आले. मंगलनं मला चहा दिला, फोटो हातात घेतला, उजेडाकडे धरला आणि म्हणाली, "देखणी हाय की, वन्सं." शामानं आत येऊन तो फोटो फाडला म्हणून ते तिथंच थांबलं. नाहीतर मी ते लग्न लावून दाखवलं असतं, माझा हट्ट मला माहीत आहे.

आता यातली खरी लाज सांगते. मलकापूरच्या शाळेत मी तीस वर्षं विज्ञान शिकवलं, आणि संप्रेरकांचा धडा माझा लाडका होता. फळ्यावर मोठा मेंदू काढायचे आणि त्याच्या बुडाशी लाल खडूचा एक ठिपका. "पियूषिका ग्रंथी. वाटाण्याएवढी. हिच्या डोक्यावर अधश्चेतक बसलेला. भूक, तहान, झोप, भीती, सगळ्याची खबर त्याला. तो हिला सांगतो, आणि ही रक्तातून निरोप धाडते. गळ्यातल्या ग्रंथीला सांगते, अंग गरम ठेव. मूत्रपिंडावरच्या ग्रंथीला सांगते, संकट आलंय, बळ दे. अंडाशयाला सांगते, स्तनांना सांगते..." इथं पोरी वहीत बघायच्या, पोरं खोकायची, मी डस्टर आपटायचे. "आता सांगा, ही बंद पडली तर काय होईल?" पोरं हात वर करून धडाधडा सांगायची. दूध येणार नाही बाई. पाळी थांबेल. थंडी वाजेल. भूक लागणार नाही. आजार सोसणार नाही. शाब्बास! आणि शनिवारी शाळा सुटली की मी एसटी पकडून कोल्हापूरला यायचे, दारातून 'महाबळेश्वर' म्हणून हाक मारायला. फळ्यावरची बाई आमच्याच स्वयंपाकघरात बसली आहे, हे माझ्या टाळक्यात एकदाही आलं नाही.

मधे विलास गेला. त्याचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यापाशी येऊन अडकतं. विलास आमचा सगळ्यात धाकटा. वडिलांनी तालमीत घडवलेला, पण त्याला लवकर मोठं व्हायचं होतं. कुणाच्या तरी नादानं चोरून इंजेक्शनं घ्यायला लागला. सहा महिन्यांत खांदे असे भरले की पेठ वळून बघायची, आणि दोन वर्षांत मूत्रपिंडं गेली. चोवीस वर्षांचा पोरगा, शेवटी उचलून कूस बदलावी लागायची. त्याचं सगळं मंगलनं केलं. जिला आम्ही आळशी म्हणायचो तिनं, भिंतीला धरून धरून, मधेच खाली बसून दम खात. डॉक्टरांनी कागदावर कारण लिहिलं त्यात 'स्टेरॉइड' हा शब्द होता. वडील त्यानंतर तालमीत गेले नाहीत. शामानं स्मशानातून येऊन अंगणात हात धुतले आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "हा शब्द या घरात परत आला न्हाई पायजे. आनंल त्याचं तंगडं मोडीन." तो नुसता बोलला नाही. कट्ट्यावर एखाद्यानं म्हशीला पान्ह्याचं इंजेक्शन टोचलं तरी शामा त्याच्या अंगावर धावून जायचा. स्वतःच्या म्हशीचं रेडकू मेलं तर तो तासभर तिच्या कासेला हात लावून बसायचा, दूध कमी निघालं तर निघालं, पण सुई नाही. असला सच्चा माणूस. त्याच्याशी मी खोटं बोलले.

तीन वर्षांपूर्वी रेवतीचं लग्न ठरलं. आईवडील तोवर गेलेले. हळदीच्या दिवशी मंगल परातीतली हळद घेऊन चार पावलं चालली आणि लाकूड पडावं तशी पडली. तोंडावर पाणी मारलं, साखर घातली, उठवून बसवली. लग्न पार पडलं आणि मी तिला राजारामपुरीत एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. माझ्या विद्यार्थिनीच्या वयाच्या असतील. त्यांनी रक्तदाब बघितला, मंगलच्या भुवयांवरून अंगठा फिरवला आणि तिलाच विचारलं, "बाळंतपणात रक्त फार गेलं होतं?" "व्हय." "मग दूध आलं?" "न्हाई." "आणि पाळी?" मंगलनं माझ्याकडं बघितलं, जणू बोलू का म्हणून विचारत होती. "परत न्हाईच आली बगा." झालं. तीन प्रश्न. एक मिनिट लागलं नसेल. बावीस वर्षं आम्ही सगळे मिळून ते तीन प्रश्न विचारले नव्हते.

मग रक्त तपासलं, मेंदूचा फोटो काढला. बाईंनी पेनाच्या टोकानं दाखवलं, वाटाणा जिथं असायला हवा ती खोबण जवळजवळ रिकामी होती. गरोदरपणी ही ग्रंथी फुगते, तिला रक्त जास्त लागतं, आणि नेमकं तेव्हा अंगातलं रक्त वाहून गेलं तर ती मरते. बाकीचं शरीर जागच्या जागी धड होतं, त्याला हुकूम देणारंच कुणी उरलं नव्हतं. मंगल त्या काळ्यापांढऱ्या फोटोकडं बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "म्हंजे मी आळशी न्हवतो व्हय, वन्सं?" ...माफी मागायची ती जागा होती. तिथंच, त्या खुर्चीवर. मी काय म्हणाले? म्हणाले, "इथं रडू नकोस, लोक बघतात," आणि तिला रुमाल दिला.

दोन गोळ्या सुरू झाल्या. एक थायरॉइडची, सकाळी उठल्याबरोबर. दुसरी मोठी कामाची, न्याहारीनंतर आणि परत दुपारच्या जेवणानंतर. चौथ्या दिवशी सकाळी सात वाजता मलकापूरला फोन. मी घाबरून उचलला, तर पलीकडून दबक्या आवाजात, एखादं गुपित सांगावं तसं, "वन्सं, भूक लागलीया." मी म्हटलं, "मग खा की बाई, मला काय विचारतेस?" पण फोन ठेवल्यावर मला बसवेना. त्या शनिवारी मी मटण घेऊनच गेले. मंगलनं स्वतः तांबडा-पांढरा केला आणि माझ्या शेजारी बसून तीन भाकऱ्या खाल्ल्या. खाता खाता तिच्या नाकातून, डोळ्यांतून पाणी, तिखटाचं का कशाचं कोण जाणे. शामा वाढत होता. "घे की आनि, घे की," करत होता, वेड्यासारखा. मे महिन्यात तिनं स्वेटर काढून पेटीत टाकला. कट्ट्यावर जाऊन उभी राहायला लागली, गिऱ्हाइकांशी भांडायला लागली. शामा मला म्हणाला, "अक्का, लगनातली मंगल परत आली बग." तीन वर्षं तिला मिळाली. सव्वीसातली चार. पहिलं एक आणि शेवटची तीन.

आता ते कार्ड. दुकानदारानं पहिल्यांदा ती दुसरी गोळी देताना सांगितलं होतं, स्टेरॉइड आहे, एक दिवसही चुकवू नका. मंगलचा चेहरा उतरला. "इलास भावजींनी घेटलंतं त्येच व्हय हे?" मी तिला फुटपाथवर उभी करून शिकवलं. विलासनं अंगात असलेल्यावर जास्तीचं ओतलं. तुझ्या अंगात जेवढं असायला हवं तेवढंही नाही, तेवढंच ही गोळी भरून देते. तिला पटलं. लगेच म्हणाली, "मग ह्यांना सांगूया की. नीट सांगितलं तर ऐकतील." तिला तिचा नवरा माझ्यापेक्षा जास्त कळत होता. मी म्हटलं, "तुला काय कळतंय? डबी उचलून गटारात टाकेल तो." आणि कॅल्शियमच्या गोळ्यांची रिकामी बाटली शोधून त्यात या गोळ्या भरल्या. शामाला सांगितलं, हाडांसाठी आहेत, चाळिशीनंतर सगळ्याच बायका घेतात. दर महिन्याला मी येऊन ती बाटली भरायचे. डॉक्टरीणबाईंनी ते कार्ड मंगलच्या हातात दिलं होतं, सतत जवळ ठेवा म्हणून. त्यावर लाल अक्षरांत लिहिलं होतं : या रुग्णाला रोज स्टेरॉइड आवश्यक आहे. उलट्या, तीव्र ताप किंवा बेशुद्धी असल्यास वाट न पाहता स्टेरॉइडचे इंजेक्शन द्यावे. शामाला वाचता येतं, म्हणून ते मी तिच्या हातातून काढून घेतलं. आणि तिला एकच नियम घालून दिला, दर महिन्याला बाटली भरताना तो म्हणायचे, ती पाढ्यासारखा परत म्हणून दाखवायची. आधी खा, मग गोळी.

या जूनमधली गोष्ट. मी मलकापुरात लोणचं घालत होते. हात कोपरापर्यंत तेलातिखटात, आणि दुपारी बाराला फोन. खांद्यानं कानाशी धरला. "वन्सं, सकाळधरनं उलट्या व्हायल्यात. जुलाब बी हाईत. सकाळची गोळी ऱ्हायली. आता घेऊ का? डाक्टरीणबाई म्हणल्या हुत्या, आजारात दोन घ्यायच्या. आनि उलटी थांबंना तर इंजेक्शन का कायतरी..." तिला आठवत होतं बघा. सातवी शिकलेली बाई, तिला अर्धं का होईना, बरोबर आठवत होतं. मी विचारलं, "पोटात काय आहे का?" "न्हाई की. पाणी बी ठरंना." "मग कशी घेतेस? रिकाम्या पोटी स्टेरॉइड घेतलंस तर आतडं जळेल. थोडी पेज खा, मग घे." "भूकच न्हाई, वन्सं." आणि मी म्हणाले... हे वाक्य मी तीस वर्षांच्या नोकरीत मूर्खातल्या मूर्ख पोरालाही बोलू दिलं नसतं... मी म्हणाले, "मग लागेपर्यंत थांब." फोन ठेवला आणि कैऱ्यांना मोहरी फासायला घेतली. जिची भूकच त्या गोळीतून यायची, तिला मी भूक लागेपर्यंत थांब म्हणून सांगितलं. संध्याकाळी परत फोन करायचं मनात होतं. बरणीला फडकं बांधलं आणि विसरले.

दुसऱ्या दिवशी शामा पहाटे म्हशींकडे गेला तेव्हा तिचा डोळा लागला होता, त्यानं उठवली नाही. साडेआठला आला तर हातपाय गार आणि हाक मारली तर ओ नाही. रिक्षात घालून जवळच्या एका छोट्या दवाखान्यात नेली. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, काही गोळ्या चालू आहेत का? शामानं त्याला माहीत होतं ते खरं सांगितलं. "थायरॉइडची एक, आनि हाडांची." त्यांनी सलाइन लावलं. त्यांचा काय दोष? सव्वानऊला शामाचा मला फोन आला. "अक्का, मंगल बोलंना झालीया. डाक्टर म्हंत्यात रक्तदाब लागंना." इथं मी एक वाक्य बोलायचं होतं. डॉक्टरांना फोन दे. बस्स, एवढंच. पण ते वाक्य शामाच्या कानावरून जाणार होतं, तो शब्द त्याच्या कानावर पडणार होता, आणि मग तीन वर्षांची बाटली उघडी पडणार होती. मला वाटलं, आपण जाऊ, डॉक्टरांना बाजूला घेऊ, कार्ड दाखवू, शामाला कळणारही नाही. मी म्हणाले, "आलेच मी." आणि स्टँडवर जाऊन बांबवड्यावरून जाणाऱ्या एसटीत बसले. चांगली खिडकीची जागा बघून बसले.

दाखल्यावर लिहिलं, हृदयक्रिया बंद पडली. बायका आल्या, पदर लावून रडल्या, "सुटली गं बाई," म्हणाल्या. जिनं तीन वर्षांपूर्वी जगायला सुरुवात केली होती ती कशातून सुटली, हे विचारावंसं वाटलं. त्या गर्दीतच मी आतल्या खोलीत जाऊन खिडकीतली कॅल्शियमची बाटली उचलली आणि पर्समध्ये टाकली, कार्डाशेजारी. पंधराव्या दिवशी त्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. कशाला गेले? त्यांनी म्हणावं की काही उपयोग झाला नसता, म्हणून. त्यांनी तसं म्हटलं नाही. म्हणाल्या, "पुष्कळ शक्यता होती. ते इंजेक्शन कुठल्याही दवाखान्याच्या कपाटात असतं. पाच मिनिटांचं काम. कार्ड दाखवलं नाही का कुणी?" मी म्हणाले, "घाईत हरवलं असेल." कार्ड माझ्या मांडीवर होतं.

दिवस घालून झाल्यावर मी शामा-मंगलची खोली झाडायला घेतली. मंगलच्या बाजूच्या फळीवर एक स्टीलची वाटी होती, तळाला पेज वाळून खपली धरलेली, त्यात चमचा तसाच चिकटलेला. शेजारी डब्याचं झाकण उलटं ठेवलेलं आणि त्यात एक पांढरी गोळी. मी वाटी उचलली तर शामा दारातून म्हणाला, "धुऊ नगंस, अक्का. राहू दे ती." येऊन खाटेवर बसला. "आदल्या सांजंला मी कट्ट्यावरनं आलो, तर ती घेऊन बसलीती. एक चमचा जायचा की भाईर पडायचा. परत एक घ्यायची. मी म्हणलं, ऱ्हाऊ दे की आता, गोळी तेवढी घे नि पड. तर म्हणाली, न्हाई, वन्संनी सांगितलंय, आधी खायचं, मग गोळी. झाकणात काढून ठेवलीती बग, वाट बघत..." त्यानं वाटी माझ्या हातातून घेतली, परत जागेवर ठेवली, झाकण तिच्याजवळ सरकवलं. येणाऱ्या प्रत्येकाला तो हे सांगतो. कौतुकानं सांगतो. "हाडाची गोळी ती, न्हाई घेटली असती तर काय हुतंय? पर तुझा शब्द तिनं मोडला न्हाई बग, अक्का."

शामा, ती गोळी हाडांची नव्हती.